चिठ्ठीवरचं गाव

संग्रहालयात जपून ठेवलेल्या प्रत्येक पक्ष्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असते. बोटाएवढा लांब, जाडसर कागद आणि त्यात ओवलेला दोरा. पक्षी कुठे मिळाला, कोणत्या दिवशी मिळाला, नर की मादी, आणि कुणी मिळवला, एवढंच त्यावर लिहायचं असतं. शंभर वर्षांत पिसांचा रंग फिका पडतो. डोळ्यांच्या जागी तर पहिल्या दिवसापासून कापूसच असतो. चिठ्ठी तेवढी बोलत राहते. ही गोष्ट अशाच एका चिठ्ठीची आहे. तिच्यावरचं गाव खोटं होतं, तारीख खोटी होती आणि पक्षी मिळवणाऱ्याचं नावही खोटं होतं. सातपुड्यातल्या एका लहानशा घुबडाला त्या खोट्याची किंमत मोजावी लागली.

त्या घुबडाचं नाव रानपिंगळा.

साधा पिंगळा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. गावाबाहेरच्या आंब्याच्या किंवा वडाच्या ढोलीत जोडी राहते, दिवस मावळला की बाहेर येऊन दोघं कलकलाट करतात. त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असतात. त्याच्या ओरडण्यातून शुभ-अशुभ सांगणारे पिंगळा जोशी एके काळी पहाटे दारोदार फिरायचे. रानपिंगळा याचाच भाऊबंद, पण वेगळा. त्याच्या माथ्यावर ठिपके जवळजवळ नसतात. पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. डोकं मोठं, चोच जाड आणि पंजे अंगाच्या मानानं दणकट. लांबी अवघी वीतभर, तरी तो सरडे आणि उंदीर सहज उचलतो. आणि घुबड असूनही तो दिवसाचा पक्षी आहे. सकाळच्या उन्हात निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर सगळ्यांना दिसेल असा बसतो आणि शेपूट या बाजूनं त्या बाजूला झटकत राहतो. साग, सालई, अंजनाच्या विरळ, कोरड्या रानात त्याचं घर. लपून बसणं त्याच्या स्वभावातच नाही. असा पक्षी एकशे तेरा वर्षं माणसाच्या नोंदीतून नाहीसा झाला होता.

विज्ञानाला तो पहिल्यांदा भेटला डिसेंबर १८७२ मध्ये. आजच्या छत्तीसगडच्या पूर्व भागात फुलझरच्या परिसरात एफ. आर. ब्लेविट या गृहस्थांनी तो टिपला आणि ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे पाठवला. ह्यूम म्हणजे पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच. त्या काळी ते हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा सर्वांत मोठा खासगी संग्रह बाळगून होते आणि ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं पक्ष्यांचं नियतकालिक स्वतः चालवत होते. त्यांनी १८७३ मध्ये या नव्या घुबडाचं वर्णन छापलं आणि त्याला ब्लेविट यांचं नाव दिलं. चार वर्षांनी भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना आजच्या ओडिशातल्या खरियारकडे तो पुन्हा मिळाला.

मग खानदेशची पाळी आली. जेम्स डेव्हिडसन हे मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी. साहेबाचं काम महसुलाचं, पण ओढ पक्ष्यांची. शहादा आणि तळोदा या भागात, सातपुड्याच्या पायथ्याला, फिरतीवर असताना त्यांनी १८८० ते १८८४ च्या दरम्यान रानपिंगळ्याचे अनेक नमुने मिळवले. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची एक यादीही त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’साठी लिहून काढली. पुढे त्यांची बदली कारवारकडे झाली. तिथे त्यांनी आणखी दोघा मित्रांबरोबर उत्तर कॅनरातल्या फुलपाखरांवर लेखमाला लिहिली. जिथे जाईल तिथलं नीट पाहायचं आणि पाहिलं तसं लिहायचं, असा हा माणूस. त्यांच्या चिठ्ठ्यांवर फारसं काही नसायचं. गाव, तारीख, नाव.

बंदुकीनं पक्षी मारायचा आणि मग त्याचा अभ्यास करायचा, हे आज आपल्याला खुपतं, आणि खुपावंच. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता. दुर्बिणी दुबळ्या होत्या, रानातला पक्षी टिपेल असा कॅमेरा नव्हता. पण म्हणूनच त्या चिठ्ठीची जबाबदारी फार मोठी होती. जीव तर गेलाच. त्या जिवानं जाता जाता जी एक खरी गोष्ट सांगितली, ती तरी शाबूत राहायला हवी. कातडं सोलून, आत कापूस भरून, टाके घालून ठेवलेल्या पक्ष्याच्या अंगावर त्याचं गाव लिहिलेलं नसतं. गाव फक्त चिठ्ठीवर असतं.

कागद किती सहज नाहीसा होतो, हे ह्यूम यांनीच भोगलं. हिंदुस्थानातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं टिपणं जमवली होती. १८८४ च्या हिवाळ्यात ते सिमल्याला नसताना घरातल्या नोकरानं ती हस्तलिखितं रद्दी म्हणून बाजारात विकली. ह्यूम खचले. पुढच्याच वर्षी त्यांनी आपला सगळा संग्रह, साठ हजारांहून जास्त पक्षी, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. ती टिपणं गेली ती गेलीच. पण निदान खोटं तरी कुणी त्या जागी ठेवलं नाही. हरवलेला कागद शोधणाऱ्याला थांबवतो. खोटा कागद त्याला चालत ठेवतो, भलत्याच वाटेनं.

१८८४ नंतर रानपिंगळा कुणालाच मिळाला नाही. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून त्याचे नमुने सात, आणि तेवढ्यावरच त्याची कहाणी संपल्यासारखी झाली.

इथे या गोष्टीत दुसरा माणूस येतो. कर्नल रिचर्ड माइनर्त्झहागेन. जन्म १८७८, लंडनच्या श्रीमंत बँकर घराण्यातला. सैन्यात अधिकारी, पूर्व आफ्रिकेत आणि पॅलेस्टाइनमध्ये लढलेला, शिकारी, रोजनिशी लिहिणारा, उंचापुरा, बोलण्यात वाघ. आफ्रिकेतल्या महाकाय रानडुकराच्या जातीला १९०४ मध्ये त्याचं नाव मिळालं. त्यानं इजिप्त आणि अरबस्तानातल्या पक्ष्यांवर मोठाले ग्रंथ काढले. सलीम अली १९३७ साली त्याच्याबरोबर अफगाणिस्तानात पक्षी-सर्वेक्षणाला गेले होते. पक्षीशास्त्रात त्याचा शब्द मोलाचा समजला जाई. १९५४ मध्ये त्यानं आपला सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दिला.

त्या संग्रहात एक रानपिंगळा होता. पायाला चिठ्ठी होती. चिठ्ठीवर लिहिलं होतं की हा पक्षी १९१४ साली गुजरातेत तापीकाठच्या मांडवी इथे मिळाला आणि तो माइनर्त्झहागेननं स्वतः मिळवला.

पाहणाऱ्याला त्यात खटकण्यासारखं काय होतं? काहीच नाही. मांडवी तापीवरच, शहादा-तळोद्याच्या बरंच खालच्या अंगाला. साल डेव्हिडसनच्या नंतर तीस वर्षांनी. म्हणजे पक्षी तीस वर्षं आणखी टिकला होता आणि गुजरातपर्यंत पसरलेला होता, असा अर्थ निघाला. शेवटची नोंद म्हणून मांडवीचं नाव घेतलं जाऊ लागलं. हरवलेला पक्षी शोधणारा माणूस साहजिकच शेवटच्या नोंदीकडे आधी वळतो. शोधणारे मांडवीकडे वळले. स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख डिलन रिप्ली आणि सलीम अली यांच्यासारख्या जाणत्यांनीही रानपिंगळ्याचा माग काढायचा प्रयत्न केला. पक्षी मिळाला नाही. जिथे शेवटचा दिसला म्हणतात तिथेच नाही, तर मग बहुधा नाहीसाच झाला, असं लोक म्हणू लागले.

संशय अगदीच नव्हता असंही नाही. संग्रहालयातून परवानगीशिवाय पक्षी नेल्याबद्दल माइनर्त्झहागेनला पूर्वी एकदा तिथल्या पक्षी-विभागात यायला दीड वर्ष बंदी होती. दबक्या आवाजात पुष्कळ बोललं जायचं. छापून कुणी काढलं नाही. माणूस मोठा, घराणं मोठं, ओळखी मोठ्या, आणि वीस हजार पक्ष्यांची देणगी त्याहून मोठी. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त दुःख या गप्प बसण्याचं वाटतं. लबाड माणूस एखादाच असतो. त्याला सांभाळून घेणारी शहाणी माणसं मात्र पुष्कळ असतात, आणि प्रत्येकाकडे आपापलं सभ्य कारण असतं. माइनर्त्झहागेन १९६७ मध्ये वारला, मानमरातब घेऊनच.

पहिली उघड ठिणगी १९९३ मध्ये पडली. ॲलन नॉक्स या अभ्यासकानं त्याच्या संग्रहातले रेडपोल नावाचे चिमणीएवढे पक्षी तपासून दाखवले. ते म्युझियममधूनच उचललेले होते आणि त्यांना नव्या चिठ्ठ्या बांधलेल्या होत्या.

त्याच सुमारास वॉशिंग्टनला पामेला रासमुसेन नावाची तरुण पक्षीतज्ज्ञ रिप्ली यांच्यासोबत दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या एका मोठ्या मार्गदर्शक पुस्तकावर काम करत होती. काम कष्टाचं आणि कुणाच्या नजरेत न भरणारं. एकेका जातीचे नमुने काढायचे, मोजायचे, चिठ्ठ्या वाचायच्या, नकाशावर ठिपके मांडायचे. माइनर्त्झहागेनचे पक्षी आले की ठिपके भलतीकडे पडत. जो पक्षी जिथे असूच नये तिथे तो सापडे, आणि तिथे तो सापडलेला असे एकट्या माइनर्त्झहागेनला. तिनं ते बाजूला सारलं नाही. ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ नायजेल कॉलर यांच्याबरोबर तिनं मांडवीचा रानपिंगळा टेबलावर घेतला.

पक्षी भरणाऱ्या प्रत्येक माणसाची हातोटी वेगळी असते. पंखांची हाडं कशी बांधायची, कापूस कसा कोंबायचा, टाका कुठून घ्यायचा, हे ज्याच्या त्याच्या सवयीनं ठरतं, आणि ती सवय वर्षानुवर्षं सुटत नाही. क्ष-किरणांखाली ठेवल्यावर या पक्ष्यानं आपली खरी हकिगत सांगितली. तो एकदा नाही, दोनदा भरलेला होता. वरचं काम माइनर्त्झहागेनच्या पद्धतीचं होतं. त्याखाली जुन्या कामाच्या खुणा शिल्लक होत्या आणि त्या खानदेशच्या डेव्हिडसनच्या हातच्या होत्या.

म्हणजे हा पक्षी मांडवीचा नव्हता. तो १८८० च्या दशकात सातपुड्याच्या पायथ्याशी डेव्हिडसननं मिळवलेला, म्युझियममध्ये ठेवलेला आणि तिथून चोरीला गेलेला पक्षी होता. चोरानं जुनी चिठ्ठी काढून टाकली, कातडं उसवून पुन्हा भरलं आणि नवी चिठ्ठी बांधली. दुर्मीळ पक्षी आपल्या नावावर असावा एवढ्यासाठी. पोटाची भूक नव्हती, पैशाची ददात नव्हती. ज्याच्याकडे सगळं होतं त्यानं हे केलं, हे समजून घ्यायला मला अजूनही जड जातं.

रासमुसेननं मग एक साधी गोष्ट केली. नकाशावरून मांडवी पुसली. ती गेल्यावर उरली ती फक्त खरी गावं. पूर्वेकडचा छत्तीसगड-ओडिशाचा भाग आणि पश्चिमेकडचा खानदेश. नोव्हेंबर १९९७ मध्ये ती, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हिंदुस्थानात आले. आधी पूर्वेकडची रानं पालथी घातली. तिथे काही नाही. मग ते शहाद्याला आले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला.

२५ नोव्हेंबर १९९७ ची सकाळ. सातपुड्याच्या पायथ्याचं रान. एका बोडक्या झाडावर एक लहान घुबड उन्हात बसलेलं किंगना दिसलं. माथ्यावर ठिपके नाहीत. पोट पांढरं. पंजे दणकट. तिघांनी त्याची छायाचित्रं काढली, चित्रफीत घेतली आणि त्याला तिथेच बसू दिलं. या वेळी बंदूक लागली नाही.

डेव्हिडसनच्या चिठ्ठीनं एकशे तेरा वर्षांनंतरही रस्ता बरोबर दाखवला होता. त्याला स्वतःला हे कधी कळलं नाही. त्यानं आपली तीन शब्दांची नोंद केली आणि तो पुढच्या मुक्कामाला गेला.

ही हकिगत मी एकदा सातपुड्यातल्या एका रेंजच्या आवारात संध्याकाळी वनरक्षकांना सांगत होतो. दिवसभराची गस्त आटपून पोरं आली होती. बाजूला एक म्हातारे वनमजूर बसले होते, त्यांना सगळे आबा म्हणत. एक तरुण वनरक्षक, नवीनच नोकरीला लागलेला, मध्येच म्हणाला, “सर, एवढं काय त्यात? शेवटी सापडला ना पक्षी? एका चिठ्ठीनं असं काय बिघडलं?”

मी उत्तर जुळवत होतो तोवर आबाच बोलले.

“भाऊ, माझा बैल हरवला होता एकदा. पावसाळ्याचे दिवस. कुणी तरी सांगितलं, नदीच्या पल्याड दिसला. मी पल्याड गेलो. गावोगाव विचारलं. बैल अल्याडच होता, आमच्याच शिवाराच्या मागच्या नाल्यात, पाय अडकून. सापडला तेव्हा उठायचं बळ नव्हतं त्याच्यात.”

“मग?”

“मग काय. गेला.” आबा थांबले. “ज्यानं सांगितलं त्याला मी नंतर विचारलं, का रे बाबा असं सांगितलंस? तर म्हणाला, तू विचारलंस, काही तरी सांगायला पाहिजे म्हणून सांगितलं.”

पोरं गप्प झाली.

आबांनी सांगितलं ते रानपिंगळ्याच्या बाबतीत अक्षरशः खरं आहे. विसाव्या शतकात सातपुड्याच्या पायथ्याची रानं तुटत गेली. लाकूड गेलं, शेतं डोंगर चढत वर आली, गुरं वाढली. ज्यांनी शेतं काढली त्यांच्याकडे पोट भरायला दुसरी जमीन नव्हती, तेव्हा सगळा दोष त्यांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण एखाद्या रानात जगात दुसरीकडे कुठेच नसलेला पक्षी राहतो हे माहीत असतं, तर त्या रानाकडे सरकारनं, शास्त्रज्ञांनी आणि कदाचित तिथल्या गावांनीही निराळ्या नजरेनं पाहिलं असतं. अभयारण्यं आखताना, तोड ठरवताना, १९७२ चा वन्यजीव कायदा झाल्यावर त्याची अंमलबजावणी करताना, कुणाच्याही कागदावर या पक्ष्याचं खरं गाव नव्हतं. ज्याचा पत्ताच ठाऊक नाही त्याचं रक्षण करणार कसं? १९९७ मध्ये शहाद्याच्या रानात पक्षी सापडला तेव्हा त्या रानाची पुष्कळ हानी आधीच होऊन गेली होती.

नोंद खरी झाल्यावर कामाला वेग आला, तोही पाहण्यासारखा आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी मध्य भारतातली रानं तपासली. तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशातला खकनार, एकेक ठिकाण नकाशावर आलं. मेळघाटात तर रानपिंगळ्याची चांगली वस्ती निघाली. गिरीश जठार यांनी त्याचं खाणं, घरटं, पिल्लं यांचा अभ्यास केला. प्राची मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेळघाटात आणि पलीकडच्या मध्य प्रदेशात वर्षानुवर्षं त्याचा पाठपुरावा केला. घुबडाविषयीच्या अंधश्रद्धा, जादूटोण्यासाठी होणारी त्याची हत्या, यावर गावांत जाऊन बोलणं झालं. २०१४ मध्ये तर मुंबईच्या पाणलोटातल्या तानसा अभयारण्यात तो दिसला. शंभर वर्षांत जे झालं नाही ते वीस वर्षांत झालं.

त्या संध्याकाळी त्याच तरुण वनरक्षकानं मला आणखी एक प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न फार चांगला होता.

“सर, पण समजा मांडवीकडे पक्षी खरंच असता तर? मग त्या साहेबाची चिठ्ठी खरी ठरली असती का?”

मी त्याला सांगितलं की हे ‘समजा’ नाहीच. दक्षिण गुजरातेत, डांगच्या रानात, पूर्णा अभयारण्यात रानपिंगळा २०१५ च्या सुमारास खरोखर आढळला. गुजरातच्या अभ्यासकांनी तो पाहिला, त्याचे पुरावे ठेवले आणि नोंद प्रसिद्ध केली. डांग काही मांडवीपासून फार दूर नाही.

“म्हणजे साहेब बरोबर होता!” एक जण म्हणाला.

“नाही,” तरुण वनरक्षक स्वतःच म्हणाला. जरा विचार करून पुढे बोलला, “त्यानं पाहिलाच नव्हता ना. त्याच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून डांगमध्ये कुणी गेलंच नसतं. उलट ती खोटी निघाली म्हटल्यावर गुजरातचं नावच पुसलं गेलं.”

त्याच्या नेमकं ध्यानात आलं होतं. खोट्या नोंदीनं दोनदा नुकसान केलं. आधी लोकांना ज्या जागी पाठवायला नको तिथे पाठवलं. मग उघडी पडल्यावर त्या सगळ्या बाजूविषयीच शंका निर्माण केली. डांगमधल्या रानपिंगळ्याला आपलं अस्तित्व सिद्ध करायला २०१५ उजाडावं लागलं, कारण गुजरातच्या नावानं जी एक नोंद होती ती चोराची होती.

याहून मोठं नुकसान माइनर्त्झहागेनच्या इतर पक्ष्यांचं झालं. वीस हजारांच्या त्या संग्रहात खरे नमुने पुष्कळ असणार. माणूस उत्तम निशाणबाज होता, खरोखर हिंडलेला होता, कष्ट घेतलेला होता. पण कोणता खरा आणि कोणता चोरीचा हे सांगायचं तर एकेक पक्षी क्ष-किरणांखाली घालावा लागतो. रासमुसेन आणि ब्रिटिश संग्रहालयातले रॉबर्ट प्रीस-जोन्स यांनी हे काम अनेक वर्षं केलं. पक्षी असा तपासून होईतोवर त्याच्या कोणत्याही चिठ्ठीवर भरवसा ठेवता येत नाही. त्यानं प्रामाणिकपणे मिळवलेले पक्षीही आज विज्ञानाच्या फारसे कामाचे नाहीत. त्यांचाही जीव गेलाच होता.

वनरक्षकांची नोंदवही ही आजची चिठ्ठी आहे. गस्तीवर गेलो नाही तरी गेलो म्हणून लिहिणं, पाणवठ्यावर रात्रभर न बसता आकडा भरणं, गेल्या वर्षीची गणती थोडी फिरवून या वर्षीची म्हणून देणं, हे मोह सगळीकडे असतात. कुणाच्या मनात पाप असतं म्हणून हे होतं असं नाही. चढ उभा असतो, ऊन असतं, वरून आकडा मागितलेला असतो. आबांच्या गावच्या त्या माणसासारखं ‘काही तरी सांगायला पाहिजे’ म्हणून लिहिलं जातं. पण त्या आकड्यावर उद्या रस्त्याची परवानगी ठरते, धरणाची ठरते, तोडीची ठरते. आणि ‘दिसला नाही’ ही नोंददेखील तितकीच किमती असते. पूर्वेकडच्या रानात रानपिंगळा दिसला नाही, हे रासमुसेननं तसंच लिहिलं. त्यामुळे पुढच्या लोकांना कळलं की तिथे अजून शोध बाकी आहे.

हेच आता आपल्यासारख्या हौशी लोकांनाही लागू आहे. मोबाइलवर यादी भरणारे हजारो पक्षीप्रेमी महाराष्ट्रात आहेत, आणि त्यांच्या नोंदी शास्त्रज्ञ वापरतात. एक जण म्हणेल, दुर्मीळ पक्ष्याची जागा जाहीर केली तर छायाचित्रकारांची झुंबड उडते, घरटी उधळतात, मग खोटी जागा टाकलेली काय वाईट? काळजी योग्य आहे. पण जागा झाकून ठेवणं वेगळं आणि खोटी जागा लिहिणं वेगळं. घरटं कुठे आहे ते जगाला सांगू नये, अवश्य सांगू नये. ज्यांच्यावर त्या रानाची जबाबदारी आहे त्यांना मात्र खरं सांगावं, आणि कागदावर खऱ्याशिवाय काही ठेवू नये.

२०१८ मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संस्थेनं रानपिंगळ्याला अतिसंकटग्रस्त यादीतून काढून संकटग्रस्त यादीत ठेवलं. पक्षी एकाएकी वाढले म्हणून हे झालं नाही. माणसांनी तो नव्या नव्या ठिकाणी खरोखर पाहिला आणि नीट नोंदवला म्हणून झालं. तरीही आज जगातले प्रौढ रानपिंगळे एक हजारापेक्षा कमी आहेत असाच अंदाज आहे, आणि ते सगळे भारतातच आहेत. सातपुड्यात, मेळघाटात, तानशाच्या रानात किंवा डांगच्या बाजूला सकाळच्या उन्हात बोडक्या झाडावर बिनठिपक्याच्या माथ्याचं लहान घुबड तुम्हाला दिसलं, तर त्याच्या जवळ जाऊ नका. लांबूनच एक फोटो काढा, तारीख, वेळ आणि ठिकाण जसं आहे तसं लिहा, आणि ते वनखात्याला कळवा.